दोन किल्ल्या, एक ड्रॉवर

उचगाव, ४ जून

चि. ऋषभ,

स्पीड पोस्टानं कागदी पत्र आलेलं बघून तुझ्या ऑफिसातले हसतील. हसू देत. ईमेलच्या त्या जाहीर यादीवर, जिथं जगभरची माणसं इंटरनेटचे नियम शब्दाशब्दावर भांडून ठरवतात, तिथं आपण दोघं सख्खे भाऊ इंग्रजीतनं भांडलो ते सगळ्यांनी वाचलं. हे मराठीतलं तू एकट्यानं वाच.

आधी तुझं वाक्य. तू लिहिलंस, "कोल्हापूरच्या गृहस्थांचा अनुभव लहान प्रमाणावरचा आहे, तो सगळीकडे लागू करता येणार नाही." गृहस्थ! मी अव्वाला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "बरं की मग. गृहस्थच म्हणाला न्हवं, शिवी तर न्हाय दिली." आपलं भांडण कशावरून आहे ते तिला कळत नाही. पोटची दोन पोरं बोलत नाहीत एवढंच कळतं.

प्रमाण लहान आहे, कबूल. माझ्या सर्व्हरवरून त्रिशलाताईंच्या आधारगृहातल्या बायकांचे निरोप जातात. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या, मारहाणीतून निघून आलेल्या. निरोपाला कुलूप पाठवणारीच्या फोनवर लागतं आणि घेणारीच्या फोनवर निघतं. मधे मी. माझ्या हातात किल्ली नाही. ती नसावी असंच मी बांधलंय, आणि बांधायला मला कुणी शिकवलेलं नाही. मोटार वायंडिंगच्या दुकानात डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते नियमांचे कागद वाचले. त्या यादीवर पदवी विचारत नाहीत. चूक दाखवली की दाखवणाऱ्याचं ऐकावं लागतं. माझ्या नावावर तिथं दुरुस्त्या छापून आल्यात. तुला माहीत आहे, तरी लिहितो.

आता तुझं कलम. प्रत्येक किल्लीची एक प्रत सरकारजमा करायची. प्रतीचे दोन तुकडे. एक जिल्ह्याच्या कार्यालयात, दुसरा दिल्लीत तुझ्या सरकारी खात्यात, तुझ्याकडं. दोन्ही सह्या आणि कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय काही उघडायचं नाही. गणित मी पुन्हा पुन्हा तपासलं. गणितात चूक नाही. तू हुशार आहेस, ते मी कधी नाकारलेलं नाही.

चूक कुठं आहे ती तू आपल्या घरातच बघितलीस. आण्णा पतसंस्थेचे चेअरमन होते. लॉकरला दोन किल्ल्या, एक त्यांची आणि एक मॅनेजर केरबाकाकांची. एकाला एकट्यानं उघडताच येऊ नये म्हणून. पण आण्णा आज या लग्नात, उद्या त्या उद्घाटनाला, आणि दारात कुणीतरी बाई गहाणाचं डोरलं सोडवायला उभी. मग काय झालं? आण्णांची किल्ली केरबाकाकांच्या ड्रॉवरमध्ये, उदबत्तीच्या पुड्याखाली. कुणी चोर नव्हतं. केरबाकाकांनी गुंजभर सोनं इकडचं तिकडं केलं नाही. पण कुलूप दोन किल्ल्यांचं राहिलं नव्हतं, ऋषभ. आपल्याकडं ते कुठंच राहत नाही.

यादीवाल्यांच्या जुलैच्या बैठकीत कलम मंजुरीला येणार. त्याआधी ते मागं घे. आपल्या जिल्ह्यात चाचणी सुरू केलीस, त्यात सामील व्हा म्हणून मला पत्र आलंय. मी नाही म्हणून कळवलं.

यादीवर लिहिता येत नाही ते आता लिहितो. तेजस्वी नावाची एक मुलगी आहे. सज्ञान. तिनं आपल्या मनानं लग्न केलंय. तिचा चुलता जोतीराम हा मोठी पोच असलेला माणूस, आणि तो तिला शोधतोय. कोर्टात तिचा जबाब व्हायचाय. तोवर ती कुठं आहे हे फक्त त्या कुलूपबंद निरोपांत आहे. जबाबाआधी जोतीरामाला कळलं तर काय होईल ते तू कोल्हापूरचाच आहेस, तुला सांगायला नको.

दादा


उचगाव, १२ जून

चि. ऋषभ,

पत्राचं उत्तर तू अव्वाला फोनवर दिलंस. फोन स्पीकरवर होता हे तुला माहीत होतं, म्हणूनच एवढ्या मोठ्यानं बोलत होतास. मी पलीकडं चहा गाळत होतो.

मलकापूरकडची ती बाई. ऐकलं मी सगळं. तिला रस्त्यातून उचलून नेलं, तिचा फोन उसाच्या फडात सापडला, नेणाऱ्याचे निरोप त्यातच होते, आणि फोन उघडता उघडता उशीर झाला. तिच्या वडिलांच्या घरी तू जाऊन आलास. ते तुला म्हणाले, "सायब, कुलूप तुमी शिकलेल्या लोकांनीच केलंय न्हवं? मग उघडा की."

त्या बापापुढं मला उभं केलंस तर मी खाली मान घालीन. पण तू करतोयस ती किल्ली त्या बापाच्या हातात जाणार नाही. ती जोतीरामाच्या हातात जाईल. जोतीरामाला कोर्टाचा हुकूम लागत नाही, एक ओळखीचा माणूस पुरतो.

हवेत बोलत नाही. सोमवारी दुकानात दोघं आले. साधे कपडे, पांढरी सरकारी जीप; पोलीस असावेत. मी म्हटलं, "या पावणं, बसा." एक बसला. दुसरा सर्व्हरच्या कपाटाकडं बघत उभा राहिला.

"ह्यातच असतंय व्हय समदं?"

"ह्यात काही नसतंय. ही पोस्टमनची पिशवी आहे."

"मग उघडा की पिशवी."

"पिशवी उघडीच आहे. पाकिटं बंद आहेत. किल्ली ज्याच्या त्याच्या फोनात."

"तेजस्वी म्हणून पोरगी हाय. चुलत्यानं बेपत्ता झाल्याची तक्रार दिलीय."

"सज्ञान आहे ती."

"सज्ञान हाय म्हणून तर काळजी. ल्हान असती तर शाळंत सापडली असती." दोघंही हसले. मग बसलेला म्हणाला, "शांतिनाथराव, योजना तुमच्या भावाची. घरचं कार्य, आणि तुमीच रुसून बसलाय?"

योजनेत आलो नाही तर महिनाअखेर इंटरनेटची लाइन बंद, एवढं सांगून चहा पिऊन गेले. मी लेखी मागितलं. "लेखी कशाला? आपलीच माणसं."

त्रिशलाताईंना मी सांगितलं की लाइन गेली तरी चालेल, किल्ली देणार नाही. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "तुमचा ताठा दुकानात ठेवा, शांतिनाथभाऊ. लाइन गेली की माझ्या पोरी साध्या फोनवर बोलणार. साधा फोन ऐकायला जोतीरामाला दुपारसुद्धा लागायची नाही. मला तुमचं बरोबर असणं नको, लाइन पाहिजे."

मी लाइनचं बघतो म्हणून निघालो.

कलम तुझ्या हातात आहे, चाचणीही तुझ्याच हातात आहे. निदान चाचणी थांबव.

दादा


उचगाव, १८ जून

ऋषभ,

तू थांबवली नाहीस. मी चाचणीत आलो. सही केली. कार्यालयात पेढा दिला, तो खाल्ला.

सगळे फोन एकदम जोडणं धोक्याचं, आधी दोनच जोडतो, असं मी त्यांना लेखी दिलंय आणि त्यांनी मान्य केलंय. बाकीचे फोन जुलैच्या पंधरा तारखेपासून जोडायचे ठरलंय. या दोन फोनांच्या किल्ल्यांचा एक तुकडा त्यांच्याकडं गेला, दुसरा तुझ्याकडं आला असेल. तुझ्या नियमात लिहिलंय की कुलूप उघडलं तर दुसऱ्या दिवशी त्याची नोंद मला आपोआप यायला पाहिजे. ती येते का ते मला बघायचंय.

एकाच गोष्टीचं उत्तर दे, लांबड नको. तुझा तुकडा सोडायला जी सही लागते, ती तुझ्याच हातात आहे ना?

शां. बा. पाटील


उचगाव, २७ जून

ऋषभ,

"हो दादा, माझ्याच हातात." एक ओळ आली तुझी. दादा म्हणालास. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

ते दोन फोन त्रिशलाताईंच्या कुठल्याच मुलीचे नव्हते. दोन्ही माझे. एक दुकानात ठेवला, एक घरी, आणि मीच मला निरोप पाठवत बसलो. भाजी आणा, लाइट गेली, औषध संपलं. मंगळवारी त्यात एक घातला: "तेजस्वी गुरुवारी दुपारी शांतिनाथरावांच्या जुन्या गोडाऊनवर येईल. तिथून पुढची गाडी." हा निरोप मी कुणापाशी बोललो नाही. त्रिशलाताईंपाशी नाही, अव्वापाशी नाही. कागदावर लिहिला नाही. त्या कुलपाखेरीज तो जगात कुठंही नव्हता.

गुरुवारी गोडाऊनवर जाऊन बसलो. केरबाकाकांना बरोबर नेलं. जुन्या मोटारी निवडायच्यात एवढंच त्यांना सांगितलं. त्यांना आता ऐकायला कमी येतं, पण बोलणं कमी झालेलं नाही. "शांत्या, ह्या भंगाराला वारस कोण रं?" म्हणत एकेक मोटार उलटी करून बघत होते. मी रस्त्याकडं बघत होतो. खरं लिहू? कुणी येऊ नये असं वाटत होतं. यादीवर एवढा भांडलो, पण तिथं बसल्यावर वाटलं, मी खोटा पडावा आणि तू जिंकावंस.

दुपार कलताना दोन गाड्या आल्या. जोतीराम पुढं, मागं चौघं.

"कुठं हाय पोरगी?"

"कुठली पोरगी, पावणं?"

"पावणं-बिवणं ऱ्हाऊ दे. आज हितं यायची हुती ती."

"कुणी सांगितलं?"

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. मग म्हणाला, "सांगणारी लई हाईत."

केरबाकाकांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना वाटलं गिऱ्हाईक आलंय. "मोटार बघायला आलाय न्हवं? पाच हॉर्सपॉवरची एक बरी हाय," म्हणत ते मधे आले. एकानं त्यांना बाजूला ढकललं. किरकोळ लागलं. मग त्यांनी गोडाऊन उलटंपालटं केलं. एवढी मोठी पोरगी, आणि खोक्यांची झाकणं काढून बघत होते. जाताना जोतीराम म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, माल खोटा निघाला."

हे वाक्य जसंच्या तसं दिलंय. तो तुला ओळखत नसेल, नुसता आव आणत असेल. तेवढा न्याय मी तुला देतो.

संध्याकाळी नोंद आली. तुझी यंत्रणा प्रामाणिक आहे, तिनं काही लपवलं नाही. कुलूप बुधवारी संध्याकाळी उघडलं. कोर्टाच्या हुकमाच्या जागी लिहिलंय, "चाचणीसाठी". पहिली सही जिल्ह्याच्या कार्यालयाची. दुसरी तुझी. दोन्ही सह्या लागोपाठ, एकाच संगणकावरून, आणि तो संगणक दिल्लीत नाही, इथं कोल्हापुरात आहे. त्या वेळी तू अव्वाच्या गुडघ्याची चौकशी करत फोनवर होतास. मी शेजारी बसलो होतो.

तेव्हा तू उघडलं नाहीस हे मला पक्कं माहीत आहे. तुझी सही कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, तेवढं मला सांग.

दादा


उचगाव, २ जुलै

चि. ऋषभ,

काल तुझा फोन आला. अव्वाला नाही, मला. जे बोललो ते कागदावर असावं म्हणून लिहितो. नंतर शब्द बदलतात.

तू म्हणालास, "दादा, सापळा लावलास."

मी म्हणालो, "लावला."

"सरकारी कामात खोटा निरोप घातलास. केस होईल तुझ्यावर."

"होऊ दे. निरोप माझा, फोन माझे. मी मलाच खोटं बोललो."

मग सांगितलंस. चाचणीच्या उद्घाटनाला तू कोल्हापूरला आलास (घरी आला नाहीस, ते असू दे). नंतर तुझा दौरा सुरू झाला. इथून रोज फोन, साहेब सही राहिलीय, साहेब काम अडलंय. म्हणून तू डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा डोंगल त्यांच्याकडंच ठेवून गेलास, आणि पासवर्डही फोनवर सांगितलास. चाचणीपुरता. "सगळेच ठेवतात, दादा. प्रत्येक ऑफिसात साहेबाचा डोंगल क्लार्कच्या ड्रॉवरमध्येच असतो." आणि मग तूच म्हणालास, "आण्णांचंच केलं मी." मी म्हणालो नव्हतो.

मग तू विचारलंस, ही नोंद यादीवर टाकणार का.

लिहून तयार आहे. इंग्रजी दोनदा तपासलंय. टाकली तर कलम त्याच दिवशी पडेल, आणि तुझी नोकरीही. नाही टाकली तर पंधरा तारखेला बाकीचे फोन जोडायचे आहेत, त्यात तेजस्वीचा असेल. तिचा जबाब वीस तारखेला आहे. मला मोकळी जागा फार नाही.

म्हणून असं. चाचणी आधी बंद कर, पंधराच्या आत. आणि बैठकीत उभा राहून तू स्वतः सांग, तुझ्या तोंडानं. सांगितलं नाहीस तर मी टाकीन. ही धमकी आहे, ऋषभ. मी तिला दुसरं नाव देत नाही.

आणखी एक. केरबाकाकांना किरकोळ लागलं असं लिहिलं ते खरं नाही. मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. त्यांना न सांगता मी तिथं नेलं. ते म्हणतात, "आधी सांगिटलं असतंस तर काठी तरी आणली असती." हे माझ्याकडं राहू दे, तुझ्यावर घालत नाही.

दादा


उचगाव, २४ जुलै

चि. ऋषभ,

चाचणी बंद झाल्याचं पत्र चौदाला मिळालं. एक दिवस आधी. मी तोवरचे दिवस कसे काढले ते अव्वाला विचार.

बैठक आम्ही दुकानातल्या पडद्यावर बघितली. अव्वाला शेजारी खुर्ची दिली. ती म्हणाली, "एवढी माणसं, आणि गंध लावलेला एकबी न्हाय." तू माइकपाशी आलास तेव्हा तिनं पदर सारखा केला, जसा काही तू तिला बघणार होतास.

तुझं इंग्रजी सुरुवातीला अडखळलं. मग नीट चाललं. तू म्हणालास, "दोन सह्यांची अट मी लिहिली आणि ती मोडणारा पहिला माणूस मीच. कुणी चोरी केली नाही, मी सोयीसाठी सही देऊन ठेवली, आणि एका मुलीला शोधणाऱ्यांना पत्ता मिळाला. पत्ता खोटा होता हे माझं नशीब." माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तरी चाललं असतं. आणि मलकापूरच्या त्या बापाचं बोललास. "त्याला द्यायला माझ्याकडं अजून उत्तर नाही," म्हणालास.

तिथं हात वर करत नाहीत, मतं मोजत नाहीत. अध्यक्ष विचारतो आणि माणसं तोंड मिटून हुंकार देतात. कुणी दिला ते कळत नाही, किती मोठा ते ऐकायचं. अव्वाला वाटलं भजन सुरू झालं. कलम नको म्हणणाऱ्यांचा हुंकार मोठा होता, अगदी मधमाश्यांचं पोळं उठावं तसा. पण हवं म्हणणाऱ्यांचाही आला. बारीक होता, पण होता. एका गृहस्थांनी उठून सांगितलं की पुढच्या बैठकीत ते हेच कलम सुधारून आणणार. आणू देत. मी असणार तिथं.

तुझ्यावर चौकशी बसल्याचं अव्वाकडून कळलं. यादीसाठी लिहून ठेवलेलं मी पुसून टाकलंय. पण नोंद ठेवलीय. चौकशीत तुला लागली तर माग, मी येऊन सांगीन की त्या वेळी तू अव्वाशी बोलत होतास.

तू तेजस्वीचं विचारलंयस. जबाब झाला. मी कोर्टात गेलो नव्हतो, माझं तिथं काम नव्हतं. परवा त्रिशलाताई दुकानात येऊन बसल्या. फोन हातात, नजर फोनवर. मग सर्व्हरवरून एक निरोप गेला. आकारानं बारका, शब्द-दोन शब्दांचा असावा. मला तेवढंच दिसतं. त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "चहा सांगा, शांतिनाथभाऊ. साखर जास्त."

ती कुठं आहे ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

घरी ये.

दादा